साबुदाण्याच्या झाडाचा केवडा

आषाढी एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातील घराघरांतून साबुदाण्याची खिचडी शिजते. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर अशा दूरदूरच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतूनही त्या दिवशी हाच बेत असतो. या खिचडीचे घटक जरा चिकित्सक दृष्टीने पाहिले, तर मोठी मौज वाटते. साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि बटाटा या चारही वस्तूंचे मूळ अमेरिका खंडात आहे. कोलंबसाच्या प्रवासापूर्वी त्यांपैकी एकही भारतात आलेली नव्हती. ज्या शास्त्रकारांनी उपवासाला काय चालावे आणि काय चालू नये याचे नियम घालून दिले, त्यांनी या चार पदार्थांपैकी एकाचेही दर्शन घेतलेले नव्हते. त्यामुळेच त्यांना निषेध करता आला नाही, आणि हे परदेशस्थ पाहुणे बिनदिक्कत आपल्या उपवासाच्या ताटात येऊन बसले.

या चौघांपैकी तिघांची झाडे मराठी माणसाच्या परिचयाची आहेत. भुईमूग शेतात दिसतो, मिरची परसात असते, आणि बटाट्याचे पीक पुण्याच्या उत्तरेस खेड-मंचरच्या बाजूला कोणीही पाहावे. साबुदाण्याचे झाड मात्र बहुतेकांनी पाहिलेले नसते. तो एखाद्या झाडाचे बी असावा, अशी कित्येकांची समजूत असते. काहींनी तो ताडाच्या गरापासून होतो असे ऐकलेले असते, आणि त्यात तथ्यही आहे. मलाया व पूर्वेकडील बेटे यांमध्ये सागू नावाचा एक ताड असतो. त्याच्या खोडातील पिठापासून जो दाणा करीत, त्यावरूनच साबुदाणा हे नाव आले. परंतु आज भारतात जो साबुदाणा तयार होतो, त्याचा ताडाशी काही संबंध नाही. तो कसावा किंवा टॅपिओका या झाडाच्या मुळांपासून होतो.

हे झाड दिसावयास काहीसे एरंडासारखे असते, आणि कुळही एरंडाचेच आहे. माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे उंच असे काठीसारखे सरळ खोड, त्यावर गळून गेलेल्या पानांच्या खुणांच्या गाठी, आणि शेंड्याला हाताच्या पंजाप्रमाणे फाकलेली पाने, असे त्याचे रूप आहे. जमिनीखाली त्याची मुळे रताळ्याप्रमाणे फुगतात. बटाटा हे शास्त्रदृष्ट्या खोड, तर कसाव्याचा कंद हे खरेखुरे मूळ होय. मलयाळम भाषेत त्याला कप्पा किंवा मरच्चीनी म्हणतात, तमिळमध्ये मरवळ्ळिकिळंगु म्हणतात. जगात, विशेषतः आफ्रिका खंडात, कोट्यवधी माणसे याच मुळावर जगतात. नापीक जमिनीत, थोड्या पावसावर, खतावाचून येणारे आणि काढणीची घाई न करणारे हे पीक गरिबाला सोयीचे असते. ते जमिनीतच कोठारासारखे ठेवता येते. ज्या दिवशी भूक लागेल त्या दिवशी उपटावे, असा त्याचा सरळ व्यवहार आहे.

दक्षिण अमेरिकेतील या झाडाला पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणले, आणि त्यांच्याच जहाजांतून ते मलबारात उतरले. केरळात त्याचा प्रसार करण्याचे मोठे श्रेय त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांना दिले जाते. १८८० ते १८८५ या पाच वर्षांच्या अल्प कारकिर्दीत या वनस्पतिप्रेमी राजाने तांदळाला जोड म्हणून या पिकाला उत्तेजन दिले. त्या दूरदृष्टीची कसोटी पुढे दुसऱ्या महायुद्धात लागली. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला, आणि त्रावणकोरच्या गरीब घरांत भाताची जागा कप्प्याने घेतली. त्याच युद्धामुळे पूर्वेकडील साबुदाणाही येईनासा झाला. तेव्हा सेलमच्या माणिक्कम चेट्टियार या व्यापाऱ्याने १९४३ च्या सुमारास टॅपिओकाच्या पिठापासून दाणा करण्याचा उद्योग सुरू केला. कंद सोलावयाचे, किसून त्यांचे दूध गाळावयाचे, तळाशी बसलेला साका घ्यावयाचा, तो कापडाच्या झोळीत हलवून त्याचे गोल दाणे पाडावयाचे, आणि ते तव्यावर भाजून उन्हात वाळवावयाचे, अशी ती कृती होती. सेलम आणि त्याच्या आसपासचा मुलूख आजही साबुदाण्याचे माहेरघर आहे. २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

अशा रीतीने परदेशातून आलेले हे झाड केरळ, तमिळनाडू आणि आंध्राचा काही भाग येथे रुजले, आणि त्याच्या मुळांवर लाखो कुटुंबांचा संसार उभा राहिला. परंतु येथे रुजल्यावर त्याला एक व्याधीही जडली. भारतात तिची पहिली नोंद केरळात १९५६ साली झाली. इंग्रजीत तिला मोझॅक म्हणतात. मराठी शेतकऱ्याला तिचे रूप एका शब्दात सांगावयाचे, तर केवडा म्हणावे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून सगळे पान केवड्यासारखे दिसू लागते, तो रोग महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ सालीच झालेली होती. कसाव्याचा रोग त्याचाच भाऊबंद आहे. दोघांचे विषाणू वेगळे असले तरी एकाच गोत्रातले आहेत, आणि दोघांनाही वाहून नेणारी पांढरी माशी एकच आहे.

कसाव्याच्या निरोगी पानाचा हिरवा रंग एकसारखा व दाट असतो. रोग झाला की त्यावर फिकट हिरवे, पिवळे, क्वचित पांढुरके चट्टे उमटतात. चट्ट्याच्या जागी पानाची वाढ खुंटते आणि भोवतालची चालू राहते, म्हणून पान वाकडेतिकडे होते, आक्रसते, पिळवटते. रोग तीव्र असला म्हणजे शेंड्याची पाने बोटांएवढी बारीक होतात. झाड मरत नाही, आणि ही या रोगाची सर्वात फसवी बाजू होय. झाड उभे राहते, हिरवेही दिसते. परंतु पानात अन्न तयार व्हावयाचे ते होत नाही, आणि अन्न नाही म्हणून मुळे फुगत नाहीत. आठ-दहा महिन्यांनी शेतकरी झाड उपटतो, तेव्हा मनगटाएवढ्या मुळांच्या जागी बोटाएवढी मुळे हाती येतात. हळव्या जातीत निम्म्याहून अधिक पीक याप्रमाणे जमिनीखालीच नाहीसे होते.

हा रोग आला कोठून, हा प्रश्न मोठा उद्‌बोधक आहे. कसाव्याचे मूळस्थान दक्षिण अमेरिका. म्हणून रोगही तिकडचाच असावा, असा तर्क कोणीही करील. परंतु त्या खंडात हा रोग नाही. त्याचे पहिले वर्णन वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली केले, ते पूर्व आफ्रिकेतील, म्हणजे आजच्या टांझानियातील, झाडांवरून. याचा अर्थ असा की, झाड पाहुणे होते आणि रोग त्या त्या भूमीतला होता. विषाणूला स्वतंत्र घर नसते. दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिच्याच साधनांनी तो आपली संख्या वाढवितो. ज्या वनस्पतीत तो असा राहतो, तिला शास्त्रात यजमान वनस्पती म्हणतात. आफ्रिकेतील काही रानवेली व खाजऱ्या झुडपे यांमध्ये कसाव्याचे विषाणू संशोधकांना सापडलेले आहेत. त्यांचे नातलग मोगली एरंडावर दक्षिण भारतातही आढळले आहेत. कसावा येण्यापूर्वीपासून असे विषाणू जुन्या जगातील रानात नांदत होते. रानातल्या झाडांचा आणि त्यांचा दीर्घ सहवास असल्यामुळे दोघांचेही बरे चाललेले होते. तेथे हे परके झाड येऊन उभे राहिले. त्याच्या पूर्वजांनी असा शत्रू कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याच्यापाशी बचावाचे साधनही नव्हते. पाहुणा म्हणून आलेले झाड अशा रीतीने स्वतःच यजमान होऊन बसले.

रोग ओळखू आला तरी त्याचे कारण हाती येण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. टांझानियाच्या उसंबारा पर्वतात अमानी नावाचे एक संशोधन केंद्र आहे. ते जर्मनांनी स्थापिले आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी चालविले. तेथे स्टोरी व निकल्स या शास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या दशकात या रोगाचा कसून अभ्यास केला. पांढरी माशी हा रोग कोवळ्या पानांतून झाडात सोडते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली या विषाणूचे कण दिसले, तेव्हा ते जुळ्या भावंडांसारखे दोन-दोन चिकटलेले आढळले. म्हणून या कुळाला मिथुन राशीच्या लॅटिन नावावरून जेमिनी विषाणू हे नाव मिळाले. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील सुमारे तीस भागांएवढी या जोडकणाची लांबी भरते. हाच कण रोगाचे कारण आहे, हे निर्विवादपणे सिद्ध झाले ते १९८३ साली. एक मिलिमीटरच्या माशीने आणलेल्या या अदृश्य कणाचा निवाडा होईपर्यंत आफ्रिकेतील शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या.

भारतातील रोगाचे विषाणू दोन आहेत. एकाला भारतीय व दुसऱ्याला श्रीलंकेतील कसावा मोझॅक विषाणू म्हणतात. दुसरा प्रथम श्रीलंकेतील झाडातून ओळखला गेला, म्हणून २००२ साली त्याला ते नाव मिळाले. पुढील पाहणीत मात्र केरळ व तमिळनाडूच्या शेतांतूनही तोच अधिक पसरलेला असल्याचे दिसून आले. विषाणूचे नाव कोणत्या देशावरून पडले आहे, याला शेतकऱ्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. तो एका झाडातून दुसऱ्या झाडात कसा जातो, हे त्याने जाणले पाहिजे. त्याचे मार्ग दोन आहेत, आणि या दोन मार्गांत जो भेद आहे, तोच या सबंध प्रश्नाचा गाभा होय.

पहिला मार्ग माशीचा. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूस बसून रस शोषते. रोगट झाडावर काही तास रस घेतला म्हणजे विषाणू तिच्या शरीरात जातो. तेथे आणखी काही तास गेल्यावर ती रोग देण्यास समर्थ होते. मग निरोगी झाडाच्या कोवळ्या पानावर ती थोडा वेळ जरी बसली, तरी काम होते. ही माशी दुबळी आहे. वारा नेईल तिकडे ती जाते, आणि फार दूर जात नाही.

दुसरा मार्ग माणसाच्या हाताचा. कसावा बियांपासून लावीत नाहीत. काढणी झाली म्हणजे खोडाचे वीतभर लांबीचे तुकडे करून तेच पुढील हंगामात लावतात. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला बेणे म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. कसाव्याच्या या कांड्या म्हणजे बेणेच होय. बेणे हे झाडाचे अपत्य नव्हे, ते त्याच झाडाचे पुढे चालू राहिलेले आयुष्य आहे. त्यामुळे झाडात जो विषाणू असेल, तो कांडीबरोबर पुढील वर्षात जातो, आणि त्याच्याही पुढील वर्षात जातो. बियांतून होणाऱ्या पिकाला दर पिढीला एक नवी सुरुवात मिळते, कारण हा विषाणू सहसा बियांतून उतरत नाही. बेण्यापासून होणाऱ्या पिकाला ती मिळत नाही. माशीने एकदा दिलेला रोग शेतकऱ्याचा हात दरवर्षी पुन्हा पेरीत राहतो.

यात शेतकऱ्याचा निष्काळजीपणा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काढणीच्या वेळचे दृश्य डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्याची अडचण कळते. रोगाची खूण असते पानांवर. उन्हाळ्याच्या दिवसांत जून झाडाची बरीच पाने गळून गेलेली असतात, आणि उरलेल्या पानांवरील चट्टेही कडक उन्हाळ्यात फिके पडतात. काढणी झाल्यावर उरतात त्या उघड्या काठ्या. निरोगी झाडाची काठी आणि रोगट झाडाची काठी शेजारी शेजारी ठेवली, तर अनुभवी डोळ्यालाही भेद दिसत नाही. त्यातून मनुष्यस्वभावाची एक गोष्ट आड येते. ज्या झाडाला कंद चांगले, त्याच्या काठ्यांसह ते झाड बाजारात किंवा शेजाऱ्याकडे लौकर जाते. जे खुरटे राहिले, त्याच्या काठ्या शेवटपर्यंत बांधावर पडून राहतात, आणि लागवडीच्या वेळी कमी पडले तर त्याच उपयोगात येतात.

माणसाचा हात माशीहून किती लांब पोहोचतो, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. श्रीलंका व दक्षिण भारत येथे आढळणारा विषाणू २०१५ साली कंबोडियाच्या ईशान्येकडील रतनकिरी प्रांतात प्रकट झाला. मधे बंगालचा उपसागर आहे. एक मिलिमीटरची माशी तो ओलांडू शकत नाही. बेण्याची मोळी मात्र जहाजातून किंवा विमानातून सहज जाते. २०१७ साली तोच विषाणू व्हिएतनामच्या ताय निन्ह प्रांतात आणि २०१८ साली थायलंडमध्ये दिसला. थायलंड हा कसाव्याच्या पदार्थांची जगात सर्वाधिक निर्यात करणारा देश आहे. तेथे सीमेपलीकडून येणारे स्वस्त बेणे हेच रोगाचे वाहन ठरले.

आणि रोगाला हलके मानले म्हणजे काय होते, हे युगांडाने पाहिले. त्या देशात हा रोग जुनाच होता, आणि लोकांनी त्याच्याशी एक प्रकारे जुळवून घेतलेले होते. १९८८ च्या सुमारास राजधानी कंपालाच्या उत्तरेकडे लुवेरो जिल्ह्यात त्याने एकाएकी उग्र रूप धारण केले. एकाच झाडात दोन निरनिराळे विषाणू वस्तीला आले होते, आणि त्यांच्या सान्निध्यात एकाच्या अंगचा तुकडा दुसऱ्याला जोडला जाऊन तिसराच अधिक बलवान विषाणू जन्मास आला होता. हे रहस्य १९९७ साली उघडकीस आले. तोपर्यंत ही साथ वर्षाला वीस-तीस किलोमीटरच्या गतीने पसरली होती, आणि पुष्कळ जिल्ह्यांतील लोकांनी कसावा लावणेच सोडून दिले होते. जे पीक दुष्काळात तारणारे, तेच गेल्यामुळे काही भागांत अन्नाचे दुर्भिक्ष झाले. रोगट झाड शेतात उभे ठेवणे म्हणजे केवळ आपले एक झाड गमावणे नव्हे. असे प्रत्येक झाड म्हणजे विषाणूंच्या भेटीगाठींची एक धर्मशाळा असते.

मग यावर उपाय काय? विषाणूने ग्रासलेल्या झाडावर शेतात औषध नाही. माशी मारण्यासाठी फवारणी करावी, तर या पिकाचे उत्पन्नच इतके बेताचे असते की तो खर्च परवडत नाही, आणि एका शेतातली माशी मेली तरी दुसऱ्या शेतातली येते. म्हणून खरे उपाय दोनच राहतात. झाड काटक करणे आणि बेणे शुद्ध ठेवणे.

झाड काटक करण्याची कथा त्याच अमानीच्या डोंगरात सुरू झाली. कसाव्याचा एक रानटी भाऊबंद ब्राझीलमध्ये होतो. त्याच्या चिकापासून सियारा रबर मिळते, म्हणून जर्मनांनी त्याचे मळे पूर्व आफ्रिकेत लावलेले होते. हे झाड या रोगाला सहजासहजी नमत नाही. स्टोरी व निकल्स यांनी कसाव्याशी त्याचा संकर केला. पहिल्या पिढीच्या झाडांत प्रतिकारशक्ती आली, परंतु मुळे रानटी झाडासारखी, खाण्यास निरुपयोगी. म्हणून त्या संकराचा पुन्हा कसाव्याशी, आणि पुन्हा कसाव्याशी, असा संकर करीत जावे लागले. प्रत्येक पिढीत शेकडो रोपे वाढवावयाची, रोगट तेवढी टाकून द्यावयाची, आणि उरलेल्यांची मुळे चाखून पाहावयाची, असे हे चिकाटीचे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालले. पुढे ही संपत्ती नायजेरियात गेली. इबादान येथे १९६७ साली स्थापन झालेल्या उष्ण कटिबंधीय कृषी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिच्यातून अनेक जाती तयार केल्या. युगांडातील शेतकऱ्याला पुन्हा कसावा लावण्याचा धीर आला, तो या जातींमुळेच.

भारतात या पिकाचे काम तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथील केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेत चालते. तिची स्थापना १९६३ साली झाली. इबादानच्या संग्रहातून आलेली एक प्रतिकारक्षम जात या संस्थेने पारखून ‘श्री पद्मनाभ’ या नावाने शेतकऱ्यांना दिली. तिच्यानंतर ‘श्री रक्षा’ आदी इतर जाती आल्या. नावे शुभ आहेत, आणि गुणही नावाला साजेसे आहेत. तरीसुद्धा सेलमच्या शेतांतून एच-१६५ व एच-२२६ या जुन्या जाती दीर्घकाळ ठाण मांडून राहिल्या. एच-२२६ ही तर रोगाला विशेष हळवी जात आहे. याचे कारण अडाणीपणा नव्हे. कारखानदार कंद विकत घेतो, तो त्यातील पिठाच्या प्रमाणावर भाव ठरवून. ज्या जातीचा भाव माहीत आहे, ती सोडून नव्या जातीवर वर्षाची कमाई पणाला लावावयाची, तर दोन एकरांच्या मालकाने दहा वेळा विचार केला तर नवल नाही. केरळात अडचण निराळी आहे. तेथे कप्पा उकडून मासळीबरोबर खातात. तेथील माणूस झाडाच्या प्रकृतीबरोबर कंदाची चवही पाहतो, आणि मलायातून आलेली एम-४ ही जात तिच्या चवीमुळेच त्याच्या मनात घर करून आहे. जी जात प्रयोगशाळेत उत्तीर्ण होते, तिला पुढे कारखान्याच्या काट्यावर आणि स्वयंपाकघरातही उत्तीर्ण व्हावे लागते.

शिवाय गणित आड येते. ज्वारीच्या एका दाण्यापासून एका हंगामात शेकडो दाणे होतात. कसाव्याच्या एका झाडापासून वर्षाला सुमारे दहा कांड्या मिळतात. एका शुद्ध झाडाची दुसऱ्या वर्षी दहा झाडे, तिसऱ्या वर्षी शंभर, चौथ्या वर्षी हजार, आणि दहा हजार व्हावयास पाचवे वर्ष उजाडावे लागते. एक हेक्टर जमिनीला जवळजवळ बारा हजार झाडे लागतात. म्हणजे संशोधकाने हाती दिलेल्या एका झाडाचे एक शेत व्हावयासही चार-पाच वर्षे जातात. श्रीकार्यमच्या संस्थेने यावर लहान कांड्यांची युक्ती काढली. वीतभर तुकड्याऐवजी दोन-दोन डोळ्यांचे छोटे तुकडे करून ते जाळीच्या छायेत, जेथे माशी शिरणार नाही, तेथे प्रथम वाढवावयाचे आणि मग शेतात लावावयाचे. याने एका झाडापासून साठापर्यंत रोपे होऊ शकतात. शेंड्याच्या टोकाचा अगदी सूक्ष्म भाग, जेथे विषाणू सहसा पोहोचलेला नसतो, तो काचनळीत वाढवून रोगमुक्त झाड मिळविण्याची रीतही तेथे सिद्ध झाली आहे.

ही साधने प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती नाहीत. परंतु एक साधन प्रत्येकाच्या हाती आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. झाडांवर पाने असताना, रोगाची खूण स्पष्ट दिसत असताना, शेतातून एक फेरी मारावी. जी झाडे सर्वांगी निरोगी दिसतील, त्यांच्या खोडाला रंगाचा ठिपका किंवा चिंधी बांधून ठेवावी. काढणीनंतर बेणे घ्यावे ते फक्त या झाडांचे. लावल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी जी रोपे पिवळी निघतील, ती तत्काळ उपटून टाकावी. या साध्या निवडीने रोग नाहीसा होत नाही, परंतु त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे खाली येते. जी काठी उघडी झाल्यावर काहीच बोलत नाही, तिची साक्ष पाने असताना नोंदवून ठेवणे, एवढाच याचा अर्थ आहे.

येथे मात्र एक मर्यादा आहे, आणि ती कृषिशास्त्राइतकीच समाजशास्त्राची आहे. एका शेतकऱ्याने आपले शेत शुद्ध ठेविले आणि शेजाऱ्याचे शेत पिवळे राहिले, तर माशी बांध ओळखत नाही. या बाबतीत एकट्याचे सोवळे उपयोगी पडत नाही. युगांडात १९४० नंतरच्या काळात जुनी रोगट झाडे सरसकट काढून काटक जाती लावण्याचे काम गावोगावच्या नियमांच्या बळावर झाले होते, आणि ते बऱ्याच अंशी सफलही झाले होते. कायद्याचा हात बंदरावर आणि विमानतळावर पोहोचतो. भारतात परदेशी रोपांवर व किडींवर निर्बंध घालणारा कायदा १९१४ सालापासून आहे. परंतु एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात बैलगाडीतून किंवा टेम्पोतून जाणारी बेण्याची मोळी कोणता शिपाई तपासणार? तेथे उपयोगी पडतो तो गावाचा विचार. दहा घरांनी मिळून एक बेणेमळा ठेवावा, तो इतर लागवडीपासून दूर असावा, त्यातील पिवळे झाड कोणाचेही असो, ते उपटले जावे, आणि ज्याच्या वाट्याला तोटा येईल त्याला सर्वांनी मिळून बेणे द्यावे. ही व्यवस्था विषाणूशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, परंतु तिच्यावाचून त्या पुस्तकाचा उपयोगही होणार नाही.

एकादशीच्या ताटातील तो शुभ्र, पारदर्शक दाणा याप्रमाणे पुष्कळ दूरचा प्रवास करून आलेला असतो. ब्राझीलचे झाड, पोर्तुगीजांचे जहाज, त्रावणकोरच्या राजाची दूरदृष्टी, महायुद्धातील टंचाई आणि सेलमच्या व्यापाऱ्याची कल्पकता, एवढ्यांचे ऋण त्यावर आहे. त्यात आणखी एका ऋणाची भर घातली पाहिजे. कोणा एका शेतकऱ्याने पावसानंतरच्या एका सकाळी आपल्या शेतातून फेरी मारून, निरोगी झाडांना चिंधी बांधून ठेवलेली असते. त्याच्या कष्टाचे मोल पिठाच्या काट्यावर होत नाही. तरीही पुढील वर्षाचा साबुदाणा त्या चिंधीलाच बांधलेला असतो.